कढईतले साठ मोल

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो बहुतेक वेळा योग्य जागी येतो, हे मात्र फक्त मला ठाऊक आहे. त्या दिवशीही तो योग्य जागीच आला होता. सुरुवात माझ्या रागानं झाली म्हणून नंतरचं सगळं घडलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

आमच्या घरामागं साबणाचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं एवढंच, खोल्या चारच: एक तेलाची, एक कढईची, एक वड्या कापायची आणि एक पॅकिंगची. मालकीण सासूबाई. त्यांचे दोन्ही मुलगे, म्हणजे माझे दीर आणि माझा नवरा, माल पोचवतात आणि माल पोचवणारी गाडी दुरुस्त करतात. बराचसा वेळ दुसऱ्या कामात जातो. मी लग्नाआधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. आता कारखान्यात माल तपासते. सासूबाई मला मास्तरीणबाई म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही.

उरली माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनी म्हणते. वहिनीनं अनेक वर्षं पॅकिंग सांभाळलं आणि त्या सगळ्या वर्षांत तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कढई. साबण शिजवायचा होता तिला. तेल आणि क्षाराचं पाणी एकत्र उकळताना ज्या क्षणी दोन्ही मिळून येतात, तो क्षण बघायला ती पॅकिंगमधून काहीबाही निमित्त काढून यायची आणि दारात उभी राहायची. पण घरात तिच्यावर शिक्काच बसलेला, थोरली गणितात कच्ची. शाळेत असताना दोनदा नापास झाली होती म्हणे. लग्न ठरताना कुणीतरी हे सांगितलं आणि तेव्हापासून भाजीवाल्याचे सुटे पैसेसुद्धा तिला कुणी मोजू देत नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा कुठं नाइलाजानं त्यांनी तिला कढईवर घेतलं. तिला त्यांनी पोती दाखवली. पातळ साबणाला या पोत्यातलं पोटॅश, वडीला त्या पोत्यातला कॉस्टिक सोडा, दोन्ही साबण शिजवायचे क्षारच. वजनं तोंडपाठ करून घेतली. का, कशासाठी, हे सांगितलं नाही. सासूबाईंना स्वतःलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

इस्पितळाला आमचा पातळ साबण जातो. त्या दिवशी सकाळी तिथल्या मेट्रनबाईंचा फोन आला की भिंतीवरचे साबणाचे पंप बंद पडलेत, तेव्हा या खेपेला वड्या द्या आणि उद्याच द्या. सासूबाई सुगंधाच्या व्यापाऱ्याकडं गेल्या होत्या. वहिनीनं फोन घेतला, "देतो" म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. कढईत तिनं इस्पितळाचाच साबण शिजवला, फक्त पोटॅशऐवजी सोडा घातला. वडी करायची तर सोडा, हे तिला पाठ होतं.

मी तपासायला गेले तेव्हा कढईतला साबण ओल्या वाळूसारखा रवाळ दिसत होता. वहिनी लाकडी वल्ह्यानं तो ढवळत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी चमचाभर साबण बशीत घेतला, थोडा निवू दिला आणि वर थेंब टाकला. हा आमच्या तपासणीचा थेंब असतो पाण्यासारखा बिनरंगी. साबणात क्षार शिल्लक असेल तर तो गुलाबी होतो, नसेल तर तसाच राहतो. त्या दिवशी तो इतका गडद झाला की बशीत शाई सांडल्यासारखं वाटलं.

"वहिनी, सोडा किती घातलात?"

"आठ किलो चारशे ग्रॅम."

"आणि तेल?"

"खोबरेल, साडेबत्तीस किलो. रोजचंच गं. पोटॅश आठ किलो चारशे असतं ना, तेवढाच सोडा घेतला. एक कणही इकडंतिकडं नाही. दोनदा तोलला."

चूक कुठं आहे ते मला तिथल्या तिथं कळलं. आणि वहिनीलाही माझ्या तोंडाकडं बघून कळलं की चूक आहे. तिनं वल्हं कढईच्या कडेला टेकवलं आणि मागं हात नेऊन एप्रनची गाठ सोडायला लागली.

आता हे एप्रन सोडणं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्याकडं सासूबाईंचा नियम आहे की कढई बिघडली तर माल फरशीच्या पिंपात जायचा, म्हणजे फरशा धुवायला, आणि जिनं कढई बिघडवली तिनं पुन्हा कढईला हात लावायचा नाही. कायमचा. त्यावर अपील नाही. वहिनीला कढई मिळून महिनाही झाला नव्हता.

"काय करताय?" मी विचारलं.

"आईंनी येऊन सोडायला सांगण्यापेक्षा मीच सोडते. लोकांसमोर नको."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अनेक वर्षं दारात उभं राहून बघितलेली गोष्ट हातात येते आणि ती अशी खुंटीला टांगायची? मुकाट्यानं? मी कढईखालची आच बारीक केली आणि म्हणाले, "एप्रन बांधा. साबण गरम आहे तोवर तो सुधारता येतो. निवून घट्ट झाला की मग मात्र पिंप. आई यायच्या आत बसा इथं."

"थोडं थोडं तेल घालून बघू या का? थेंब गुलाबी व्हायचा थांबेपर्यंत?"

"आणि जास्त झालं तर? तेलकट वड्या देणार इस्पितळाला? ओतलेलं तेल परत काढता येत नाही. आणि एवढ्या घट्ट मालात प्रत्येक वेळी तेल मुरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. अंदाजपंचे काही करायचं नाही. मोजून करायचं."

"मग तू मोज. मला कुठलं गणित येतंय?"

इथं मला चटकन आकडा सांगून मोकळं होता आलं असतं. माझ्या डाव्या हातचा मळ होता तो. पण मग सासूबाई आल्यावर वहिनी काय सांगणार? धाकटीनं वाचवलं? आणि कढई धाकटीला? मला कढई नको होती. माझा जीव उकाड्यात कासावीस होतो. मला ती वहिनीच्याच हातात हवी होती.

"वहिनी, पॅकिंगमध्ये छोट्या वड्या मोजायच्या तर तुम्ही एकेक मोजता?"

"मोजायला मी काय रिकामी बसलेय? वजन करते. छोट्या वडीचा शेकडा दीड किलोचा. तीन किलो भरलं की दोन शेकडे."

"आणि मोठी वडी?"

"मोठीचा शेकडा दहा किलो."

"मग कुणी म्हणालं, छोट्या वड्या तीन किलो काढून ठेव आणि त्यांच्याऐवजी मोठ्या तीन किलो घाल, तर?"

वहिनीनं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "असं कसं? मोठ्या तीन किलोत तीसच बसतात. गिऱ्हाइकाला वड्या हव्या असतात, वजन नको असतं."

"साबणालाही वजन नको असतं," मी म्हणाले. "त्याला कण हवे असतात. मोजून."

मी खडू घेतला आणि कढईशेजारच्या फरशीवरच बसले. वर्गात पोरांना मोल शिकवताना मला घाम फुटायचा. इतका अफाट आकडा, शेवटी तेवीस शून्यांची गोष्ट, हे ऐकलं की पोरांचे डोळे काचेचे व्हायचे. वहिनीला मी तो आकडा सांगितलाच नाही. एवढंच सांगितलं की कण फार बारीक असतात, त्यांचा शेकडा धरून भागत नाही, म्हणून शास्त्रवाल्यांनी एक प्रचंड मोठा शेकडा धरलाय आणि त्याला मोल म्हणतात. शेकड्यात जशा नेहमी शंभरच वड्या, मग वडी छोटी असो की मोठी, तसे मोलमध्ये नेहमी तेवढेच कण. वजन मात्र ज्याच्या त्याच्या कणाप्रमाणं.

"सोड्याच्या एका मोलचं वजन चाळीस ग्रॅम," मी लिहिलं. "पोटॅशच्या एका मोलचं छप्पन्न."

वहिनी फरशीवरच्या त्या दोन आकड्यांकडं बघत राहिली. मग तिनं हात तोंडावर ठेवला.

"म्हणजे पोटॅश मोठी वडी. सोडा छोटी."

"हो."

"आणि मी वजन तेवढंच घेतलं. अगं बाई. वड्या जास्त गेल्या!"

मला अक्षरशः तिला मिठी मारावीशी वाटली. मी पोरांना हे समजवायला आठवडा घ्यायचे. अर्थात शाळेतल्या पोरांनी कधी वड्या तोलल्या नव्हत्या.

"किती जास्त गेल्या ते काढा," मी खडू तिच्या हातात दिला.

खडू हातात आल्यावर ती जरा घाबरली. पण भागाकार तिला येत होता. शेकडे काढताना रोज तेच करायची ती, फक्त त्याला गणित म्हणत नव्हती. आठ हजार चारशे ग्रॅम पोटॅश, भागिले छप्पन्न: दीडशे मोल. आठ हजार चारशे सोडा, भागिले चाळीस: दोनशे दहा. तिनं दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि साठ लिहिले. कढईत साठ मोल सोडा उगाचच बसला होता आणि तोच थेंबाला गुलाबी करत होता. उद्या तो कुणा पेशंटच्या हाताची सालपटं काढणार होता.

"आता तेल," मी म्हणाले. "तुम्ही तीन वड्यांचं खोकं भरता ना? तसाच तेलाचा एक कण म्हणजे एक खोकं. त्यात सोड्याच्या तीनच वड्या बसतात. दोन नाही, चार नाही."

"खोक्याचं वजन?"

हा प्रश्न तिनं आपणहून विचारला, हे मी मुद्दाम नोंदवते. खोबरेलाचे सगळे कण काही एका वजनाचे नसतात, पण सरासरी धरून चालतं. मोलला साडेसहाशे ग्रॅम, मी सांगितलं. सोड्यातल्या ओलाव्याचंही असंच थोडं धरावं-सोडावं लागतं. ते माझं मी बघितलं, इथं सांगत बसत नाही. वहिनीनं साडेबत्तीस किलोला साडेसहाशेनं भागलं आणि पन्नास आले. पन्नास खोकी, दीडशे वड्या. पोटॅशचं रोजचं वजन अगदी बरोब्बर जुळत होतं.

"म्हणजे आईंचं माप चुकीचं नव्हतंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील.

"माप बरोबर. माल बदलला."

"साठ वड्या उरल्यात. त्यांना वीस खोकी लागतील." तिनं आता माझ्याकडं बघायचं सोडून दिलं होतं. "वीस गुणिले साडेसहाशे. तेरा किलो खोबरेल. बस?"

"बस. आणि वर अर्धा किलो, हातांना मऊ वाटायला."

ती तरातरा तेलाच्या खोलीत गेली आणि तितक्याच वेगानं परत आली. खोबरेलाचा डबा तळाला गेला होता. उरलं होतं सगळं मिळून सात किलो. सूर्यफुलाचं तेल मात्र भरपूर होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाई आल्या की दीर हॉर्न वाजवतात, त्यांचं स्वागत म्हणून की आम्हाला इशारा म्हणून, कुणास ठाऊक. माझी घाई झाली.

"साडेसहा खोबरेल घाला, राहिलेलं साडेसहा सूर्यफुलाचं. आणि वरचा अर्धा किलो खोबरेलाचा. झाले साडेतेरा. चला, आटपा."

वहिनीनं खोबरेल तोललं आणि ओतलं. मग सूर्यफुलाचं तोलायला घेतलं आणि थांबली. डबा हातात तसाच.

"सूर्यफुलाचा शेकडा किती?" ती म्हणाली. "म्हणजे ते... मोल?"

"आठशे ऐंशी. वहिनी, आई फाटकात..."

"मग साडेसहा कसं चालेल?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"ही मोठी खोकी आहेत," ती मला समजावून सांगायला लागली. मला! "साडेसहा किलोत सातच्या आसपास बसतील. खोबरेलाची दहा झाली, आणखी दहा हवीत. तीन खोकी कमी पडली तर नऊ वड्या उघड्या राहतील. दहा गुणिले आठशे ऐंशी. आठ किलो आठशे."

सकाळी तिनं जी चूक केली होती, तीच चूक, वजनाला वजन, मी आत्ता छातीठोकपणे करायला सांगितली होती. शाळेत मी या चुकीला भलामोठा लाल भोपळा देत असे. मला वाईट वाटलं का? छे. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले आणि त्याच वेळी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कढईकडं, मग फरशीवरच्या खडूकडं आणि शेवटी बशीतल्या गुलाबी डागाकडं. सासूबाईंना काही सांगावं लागत नाही.

"पिंप आणा," त्या म्हणाल्या.

"आई, थोडं थांबा," वहिनी म्हणाली. ती सूर्यफुलाचं तेल तोलत होती आणि काट्यावरची नजर तिनं काढली नाही. आठ किलो आठशे झाल्यावर तिनं ते कढईत सोडलं, अर्धा किलो खोबरेल वर घातलं, थोडं पाणी घातलं, आच वाढवली आणि वल्हं हातात घेतलं. कढई काठोकाठ भरली होती. जरा चुकलं तर सगळं बाहेर आलं असतं. वहिनी अशी हळू आणि सावकाश ढवळत होती, जणू सासूबाई, मी आणि पिंप घेऊन आलेले दीर त्या खोलीत नव्हतोच.

"हे काय घातलंस?"

"सूर्यफुलाचं तेल. खोबरेल कमी पडलं."

"जास्त घातलंस. कमी पडलं होतं तेवढंच घालायचं."

"तेवढंच घालून भागलं नसतं, आई."

सासूबाईंनी भुवया वर केल्या. असं वाक्य थोरली सून त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली असावी. त्या पोत्यावर बसल्या आणि काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली.

"थांबते," त्या म्हणाल्या. "पण थेंब गुलाबी झाला तर माझ्याशी वाद घालायचा नाही."

माल हळूहळू बदलायला लागला. रवाळपणा गेला. कडेनं एकसारखी लकाकी आली आणि वल्हं ओढलं की मागं गुळगुळीत वाट दिसायला लागली. दिरांनी पिंप खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसले. माझी पाचावर धारण बसली होती असं नाही, आकडे बरोबर होते आणि आकड्यांवर माझा विश्वास आहे. पण वहिनीच्या कपाळावर घाम होता. त्या आकड्यांवर तिनं थोड्या वेळापूर्वी पहिल्यांदा हात ठेवला होता आणि आता सगळं त्यांच्यावरच सोडून दिलं होतं.

शिजून झालं तेव्हा वहिनीनं बशी माझ्यापुढं केली नाही. तिनं स्वतः चमचा भरला, निवू दिला आणि थेंब टाकला.

थेंब तसाच राहिला. फिकटसुद्धा नाही.

सासूबाईंचा थेंबावर विश्वास नाही. त्यांची तपासणी जुनी आहे. त्यांनी चिमूटभर साबण घेऊन जिभेच्या टोकाला लावला. क्षार शिल्लक असला की जीभ झोंबते. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले, मग थुंकल्या, पाण्यानं चूळ भरली.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. आणि मी टाळी वाजवणार तेवढ्यात पुढचं बोलल्या. "साबण इस्पितळाला द्या. पण थोरले, तू कढई सोडायची. बिघडली ती बिघडली. नंतर सुधारली म्हणून नियम बदलत नाही."

"हे अति होतंय, आई!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि चढायलाच हवा होता. "तिनं स्वतः..."

"मास्तरीणबाई, तुम्ही मध्ये बोलू नका. हा नियम मी सुनेसाठी काढलेला नाही. मी वन्संनासुद्धा सोडलं नाही." वन्सं म्हणजे त्यांच्या नणंद, आमच्या आत्याबाई. "आम्ही दोघींनी मिळून हे सुरू केलं. घरातल्या स्वयंपाकघरात. त्यांच्या हातून कढई बिघडली, त्यांना सांगितलं, आता तुम्ही नाही. त्या गेल्या त्या आजतागायत या दारात आल्या नाहीत. मला आनंद झाला होता का तेव्हा? पण नियम तो नियम. आता थोरलीला सोडलं तर त्यांना मी काय तोंड दाखवू?"

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्या लपवतही नव्हत्या.

वहिनीनं वल्हं खाली ठेवलं नाही. तिनं विचारलं, "आत्याबाईंची कढई कशी बिघडली होती, आई?"

"कशी म्हणजे? झोंबत होती. जीभ भाजली माझी. सगळा माल फरशीला गेला."

"सोडा जास्त पडला होता?"

"नाही. सोडा मीच तोलून दिला होता. रोजचाच."

"मग तेल कुठलं होतं?"

"खोबरेलच. रोज खोबरेलच घ्यायचो. त्या दिवशी..." सासूबाई थांबल्या. "त्या दिवशी मिळालं नव्हतं. बाजार बंद होता. घरात सूर्यफुलाचं होतं."

"किती घातलं?"

"जेवढं खोबरेल घालायचो तेवढंच. वन्सं म्हणत होत्या, आज नको, हे तेल वेगळं आहे, आपल्याला अंदाज नाही. मीच म्हटलं, तेल ते तेल. तेवढंच घाला..."

वाक्य तिथंच राहिलं. सासूबाईंची नजर फरशीवर गेली. तिथं वहिनीच्या अक्षरात साडेसहाशे लिहिलं होतं आणि खाली आठशे ऐंशी. वहिनीनं त्या आकड्यांकडं बोट केलं नाही, काही समजावून सांगितलं नाही. दीर पिंपावरून उठून उभे राहिले, का उठले ते त्यांनाही कळलं नसावं.

"तेल कमी पडलं," सासूबाई म्हणाल्या. हळू. "म्हणजे सोडा उरला."

"हो, आई."

"त्यांचा हात चुकला नव्हता."

"नाही."

"आणि कढई... आज तू केलीस तशी सुधारली असती?"

खोटं सांगून त्यांना सुटका देणं वहिनीला सहज जमलं असतं आणि तिचा स्वभावही तसाच आहे. पण तेव्हा ती कढईपाशी उभी होती.

"सुधारली असती," ती म्हणाली. "गरम होती तोवर."

सासूबाई काठीवर जोर देऊन उठल्या. चालत कढईपर्यंत गेल्या, आत बघितलं, साबणाची लकाकी बघितली आणि वहिनीच्या एप्रनची सैल झालेली गाठ मागून आवळून घट्ट केली. "साचे लाव," त्या म्हणाल्या. "आणि उद्याची कढईही तूच लाव. मला विचारत बसू नकोस." मग माझ्याकडं वळल्या. "फोन लाव."

"कुणाला?"

"वन्संना."

मी नंबर लावला. पलीकडं रिंग जात होती. सासूबाईंनी फोन हातात घेतला, तो कानाशी नेता नेता मध्येच थांबल्या आणि वहिनीपुढं धरला.

"तू बोल. ते मोल का काय, तुला नीट सांगता येईल."

वहिनीनं साबणानं भरलेले दोन्ही हात दाखवले आणि मान हलवली.

"ते मी नंतर सांगेन त्यांना, आई. आधी तुम्ही बोला."